हिरवी उलटी, फुगलेलं पोट आणि एक्स-रे: वाचकांचे प्रश्न

लहान मुलांच्या आतड्यात अडथळा आला असेल तर पोटाचा एक्स-रे कितपत उपयोगी पडतो, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रं पालकांची आहेत, तशी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांची आणि एक्स-रे टेक्निशियनचीही आहेत. त्यामुळे काही उत्तरं जास्त तांत्रिक झाली आहेत. उत्तरं बालशल्यचिकित्सा आणि रेडिऑलॉजी या विषयांतल्या डॉक्टरांनी दिली आहेत.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या बाळाला नवव्या दिवशी दोनदा हिरवट उलटी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. तरीही डॉक्टरांनी त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे नाकातल्या नळीतून औषध सोडून पुन्हा एक्स-रे काढले. सुदैवानं काही निघालं नाही. पहिला एक्स-रे नॉर्मल असताना ही धावपळ गरजेची होती का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

हो, गरजेची होती. तालुक्याच्या त्या डॉक्टरांचे आभार मानायला हवेत. पहिल्या महिन्यातल्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडला आहे असं धरूनच पुढे जायचं असतं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. आणि साधा एक्स-रे ते सिद्ध करू शकत नाही.

पित्त ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात येऊन मिळतं. उलटी गडद हिरवी असेल तर अडथळा त्या जागेच्या पुढे कुठेतरी असू शकतो. गर्भात असताना आतडी काही काळ नाळेत जातात आणि परत पोटात येताना वळून ठरावीक जागी बसतात. हे वळणं अर्धवट राहिलं तर त्याला मॅलरोटेशन म्हणतात. अशा बाळाचं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबत असतं आणि त्याच देठातून त्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते. देठाला पीळ बसला की अन्नाची वाट बंद होते, पाठोपाठ रक्तपुरवठाही. काही तासांत जवळजवळ सगळं लहान आतडं काळं पडू शकतं, आणि ते गेलं तर बाळाला पुढे तोंडावाटे पोसणंच अवघड होऊन बसतं. असा त्रास होणाऱ्या निम्म्याहून अधिक बाळांमध्ये तो पहिल्या महिन्यातच दिसतो.

एक्स-रेला हवा, पाणी, हाड आणि धातू यांतला फरक कळतो. पीळ दिसत नाही, रक्तपुरवठाही दिसत नाही. पीळ नुकताच पडला असेल किंवा सैल असेल तर आधीची हवा पुढच्या आतड्यात पोहोचलेली असते आणि चित्र पूर्ण नॉर्मल दिसतं. कधी जठर आणि ड्युओडेनम फुगलेले दिसतात आणि पुढे तुरळकच हवा असते. कधी पोटात हवा जवळपास नसतेच, कारण उलट्यांतून ती निघून गेलेली असते आणि वेटोळी पाण्यानं भरलेली असतात. हे तिसरं चित्र सर्वांत फसवं. पोट मऊ आणि सपाट असतं, एक्स-रेत फुगलेलं आतडं नसतं, आणि सगळे निर्धास्त होतात.

नळीतून सोडलेलं औषध एक्स-रेत पांढरं दिसतं. त्यात रेडिऑलॉजिस्ट मुख्यतः एक गोष्ट शोधतात: ड्युओडेनम संपून पुढचं आतडं सुरू होतं ते वळण मणक्याच्या डाव्या बाजूला आहे का, आणि ड्युओडेनमच्या सुरुवातीच्या फुगवट्याच्या उंचीला आहे का. दोन्ही बरोबर असेल तर आतड्याची बैठक बरोबर आहे. वळण उजवीकडे किंवा खाली असेल, अथवा औषध गिरक्या घेत खाली उतरत असेल, तर बाळाला लगेच ऑपरेशनला घेतात. अनुभवी हातात सोनोग्राफीही पीळ दाखवते. आतड्याची शीर धमनीभोवती फिरलेली दिसते. पण सोनोग्राफीत काही दिसलं नाही आणि उलटी खरोखर हिरवी होती, तर औषधाचा एक्स-रे टाळू नये. जे ऑपरेशन करतात त्याची पद्धत बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडली. त्यात पीळ घड्याळाच्या उलट्या दिशेनं सोडवतात, ड्युओडेनमवर आडवे आलेले पट्टे कापतात आणि देठ रुंद करतात. लहान आतडं उजवीकडे आणि मोठं आतडं डावीकडे ठेवतात. अपेंडिक्स मग चुकीच्या जागी येतं, म्हणून बहुधा तेही काढून टाकतात.

उलटीच्या रंगावरून घरात नेहमी गोंधळ होतो. चिकाचं दूध पिवळं असतं आणि त्याची गुळणीही पिवळी दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हिरवा किंवा शेवाळी रंग वेगळा. तोंडी सांगताना ‘पिवळीच होती’ असं होऊन जातं, म्हणून ज्या दुपट्यावर उलटी पडली ते धुऊ नका. पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन जा.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात प्रसूती होतात, बालशल्यचिकित्सक नाहीत. दुसऱ्या दिवशी एखाद्या बाळाचं पोट फुगतं, शी झालेली नसते. एक्स-रे हाताशी असतो. तो कोणत्या क्रमानं वाचावा?
— वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा

आधी बाळ, मग फिल्म. लंगोट सोडून दोन गोष्टी पाहा. गुदद्वार जागेवर आहे का, आणि जांघेत गाठ आहे का. गुदद्वार नसल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येणं आजही घडतं, आणि त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. जांघेतला अडकलेला हर्निया हे तान्ह्या मुलांच्या अडथळ्याचं मोठं कारण आहे. एक्स-रे जांघेपर्यंत घेतला नाही तर तो त्यात सापडतही नाही.

फिल्म हातात आल्यावर बाळाचं वय तासांत लिहा. हवा आतड्यातून वेळेनुसार पुढे सरकते. जन्मानंतर काही मिनिटांत ती जठरात असते, साधारण ३ तासांत लहान आतड्याच्या बऱ्याच भागात पसरते आणि २४ तासांच्या आत गुदाशयात पोहोचते. चौथ्या तासाच्या फिल्ममध्ये गुदाशयात हवा नसेल तर तो दोष नाही. तिसाव्या तासाला नसेल तर विचार करावा लागतो. बाळ फार अशक्त असेल, व्हेंटिलेटरवर असेल किंवा नळीतून सतत हवा ओढली जात असेल तर हे वेळापत्रक लागू पडत नाही.

पुढचा प्रश्न: अडथळा वरचा की खालचा? हवेचे फुगे मोजा. जठराचा एकच फुगा आणि पुढे काहीच नाही, तर अडथळा जठराच्या तोंडाशीच. दोन फुगे, एक डावीकडे मोठा आणि एक उजवीकडे लहान, आणि पुढे हवेचा मागमूस नाही, तर ड्युओडेनम जन्मतः बंद आहे. यातल्या जवळपास एक तृतीयांश बाळांना डाऊन सिंड्रोम असतो, म्हणून हृदयही तपासा. पण दोन फुगे असून पुढे थोडी जरी हवा असली तर पहिल्या उत्तरातला पीळ आठवा आणि बाळाला तातडीनं पाठवा. ड्युओडेनम पूर्ण बंद असलेलं बाळ नळी आणि सलाईनवर ऑपरेशनपर्यंत काही वेळ थांबू शकतं. पीळ पडलेलं बाळ थांबू शकत नाही.

तीन-चार फुगे असतील तर अडथळा जेजुनमच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या पुढच्या लहान आतड्याच्या, सुरुवातीला. पोटभर फुगलेली वेटोळी असतील तर खालचा. इथे एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. नवजात बाळात फुगलेलं लहान आतडं आणि मोठं आतडं साध्या एक्स-रेवर खात्रीनं वेगळं ओळखता येत नाही. मोठ्या आतड्याच्या कडेच्या खाचा या वयात नीट तयार झालेल्या नसतात. ‘कडेला आहे म्हणजे कोलन’ या ठोकताळ्यानं चुकीचं निदान होतं. खालच्या अडथळ्याची यादी अशी: इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) बंद असणं, घट्ट मेकोनियमनं (बाळाच्या पहिल्या काळ्या शीनं) इलियम तुंबणं, मेकोनियमचा बोळा आणि हर्शस्प्रुंग, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसणं. हे वेगळे करायला खालून औषध सोडून एक्स-रे लागतो. मोठं आतडं अगदी बारीक, न वापरलेलं दिसलं तर अडथळा इलियममध्ये. ही तपासणी होईपर्यंत गुदमार्गातून पिचकारी किंवा एनिमा देऊ नका, बोटानं तपासणीही शक्यतो टाळा. हर्शस्प्रुंगमध्ये गुदाशय अरुंद आणि वरचा भाग रुंद दिसतो, तो फरक एनिमानंतर पुसला जातो. साध्या एक्स-रेतही गुदाशयात दिसलेली हवा एनिमातून आत गेलेली असू शकते. निदानावर शिक्कामोर्तब बायोप्सीनंच होतं.

वेटोळं किती रुंद म्हणजे फुगलेलं? मोठ्यांसाठीचं ३-६-९ सेंटिमीटरचं माप (लहान आतडं ३, मोठं आतडं ६, मोठ्या आतड्याची सुरुवात ९) इथे उपयोगाचं नाही. त्याच फिल्मवर कमरेच्या वरच्या मणक्यांची रुंदी पाहा. वेटोळी तिच्याहून ठळकपणे रुंद असतील तर ती फुगलेली धरा.

शेवटी आतडं फुटल्याच्या खुणा शोधा. उताण्या फिल्ममध्ये मोकळी हवा वर, पोटाच्या पुढच्या बाजूला जाते, त्यामुळे ती डायाफ्रामखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) चंद्रकोरीसारखी दिसत नाही. पोटाच्या मध्यभागी मोठा लंबगोल काळसर भाग दिसतो, आतड्याच्या भिंतीची आतली आणि बाहेरची अशा दोन्ही कडा स्वच्छ दिसू लागतात, यकृतापासून नाभीकडे येणारा पट्टा उठून दिसतो. शंका असेल तर बाळाला डाव्या कुशीवर ठेवून आडव्या किरणांनी फिल्म घ्या. हवा यकृत आणि उजव्या कुशीची भिंत यांच्यामध्ये काळी रेघ होऊन येते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळात पोट फुगलं आणि शीमध्ये रक्त आलं तर आतड्याच्या भिंतीत हवेचे बारीक ठिपके किंवा समांतर रेघा आहेत का ते भिंगातून पाहा. यकृतात फांद्यांसारखी हवा दिसली किंवा तेच वेटोळं २४ तासांनीही तसंच्या तसं दिसलं, तर धोका वाढलेला आहे.

गुदद्वार नसलेल्या बाळाला उलटं धरून एक्स-रे काढायची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. बाळाला पालथं घालून, कंबरेखाली गुंडाळी देऊन, बाजूनं आडव्या किरणांनी फिल्म घ्या. तीही १८ ते २४ तासांनंतरच, कारण त्याआधी हवा शेवटपर्यंत पोहोचलेली नसते आणि अंतर खोटं मोठं दिसतं.

प्रश्न: डॉक्टर ‘उभा एक्स-रे’ लिहून देतात. एक वर्षाचं मूल उभं राहत नाही, रडतं, हलतं, आणि फिल्म दोन-तीनदा घ्यावी लागते. काय करावं?
— एक्स-रे टेक्निशियन, लातूर

सरसकट उभा एक्स-रे लागतच नाही. निर्णय बहुतेक वेळा उताण्या फिल्मवर होतो. मूल आजारी असेल तर दुसरी फिल्म डाव्या कुशीवर झोपवून घ्या. त्या कुशीवर ५ ते १० मिनिटं पडून राहू द्या, मगच बटण दाबा. कुशीवर वळवल्या वळवल्या फिल्म घेतली तर थोडी हवा वर यायला वेळच मिळत नाही आणि फुटलेलं आतडं सुटतं. हा व्ह्यू आपल्याकडे फार कमी घेतला जातो, आणि त्याचं कारण फक्त सवय आहे.

एक्सपोजरआधी कपडे काढा. काळा दोरा, ताईत, चांदीचा करदोटा, लंगोटाची सेफ्टी पिन, हे सगळं बाजूला. करदोटा नेमका ओटीपोटावर येतो आणि खालच्या वेटोळ्यांवर पांढरी आडवी पट्टी उमटते. काढायला घरच्यांचा नकार असेल तर छातीकडे सरकवायला सांगा, ते बहुतेक मान्य करतात. डायपर ओला असेल तर त्याच्या घड्या आणि फुगलेली जेलही फिल्मवर येते. हात वर आणि गुडघे सरळ धरायला आई किंवा वडिलांची मदत घ्या. लेड ॲप्रन घालायला द्या, हात किरणांच्या चौकटीबाहेर ठेवा आणि आई गरोदर असेल तर तिला खोलीत थांबू देऊ नका. दर वेळी तोच वॉर्डबॉय धरायला उभा राहत असेल तर ते बंद करा.

चौकट डायाफ्रामपासून जांघेपर्यंत, बाजूला त्वचेच्या कडेपर्यंत, त्याहून मोठी नको. नवजात बाळाचं पोट १० सेंटिमीटरपेक्षा कमी जाड असतं. तिथे ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून टाका, डोस निम्म्याहून कमी होतो. साधारण ६० ते ७० केव्ही ठेवा आणि वेळ यंत्र देऊ शकेल तितका कमी. हालचालीनं अस्पष्ट आलेल्या फिल्मचं कारण बहुधा लांबलेला वेळ असतो. रडणाऱ्या बाळाचा श्वास सुटून रडं थांबतं तो क्षण पकडा.

जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायची गरज नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये ही पद्धत थांबवावी असं सांगितलं. फायदा नगण्य असतो आणि तुकडा सरकला तर गुदाशयातली हवा किंवा हर्निया झाकला जातो. फिल्म पुन्हा काढावी लागली तर डोस दुप्पट होतो, ते वेगळंच. डावा-उजवा मार्कर, वेळ आणि ‘उताणा’ की ‘डाव्या कुशीवर’ हे फिल्मवरच लिहा. कशी घेतली हे माहीत नसलेली फिल्म वाचता येत नाही.

प्रश्न: आमच्या आठ महिन्यांच्या मुलाला आतड्यात आतडं शिरल्याचं निदान झालं. आधी एक्स-रे काढला, त्यात काही नाही असं सांगितलं. सोनोग्राफीत लगेच कळलं. मग एक्स-रे कशाला काढला?
— एक वडील, नाशिक

हा प्रश्न रास्त आहे. पाच ते नऊ महिने हे या आजाराचं नेमकं वय. बाळ एकदम पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, पाच-दहा मिनिटांनी शांत होतं, पुन्हा रडतं. मधल्या वेळात ते सुस्त पडतं. लालसर चिकट शी उशिरा येते, तिची वाट पाहायची नसते. अशा बाळाची पहिली तपासणी सोनोग्राफीच असावी. उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीजवळ एकात एक वर्तुळं दिसतात, बहुधा अडीच-तीन सेंटिमीटर रुंद. एक्स-रेत मात्र जवळपास निम्म्या मुलांत संशय येईल असं काहीच नसतं. जे दिसतं ते असं: उजव्या खालच्या भागात मोठ्या आतड्यातली हवा नसणं, किंवा हवेत घुसलेली मऊ गोलसर कड.

तरीही पोट कडक असेल, ताप असेल किंवा दुखणं सुरू होऊन बराच वेळ झाला असेल तर उपचाराआधी एक्स-रे घेतात. त्याचं कारण वेगळं आहे. आतडं फुटून मोकळी हवा पोटात असेल तर खालून हवा किंवा सलाईन सोडून आतडं मागे ढकलणं धोक्याचं ठरतं. मग थेट ऑपरेशन. फुटलेलं नसेल आणि बाळ शॉकमध्ये नसेल, तर हवेचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या वर न नेता, किंवा सलाईनची बाटली सुमारे १०० सेंटिमीटर उंच ठेवून सोनोग्राफीखाली आतडं परत ढकलतात. सलाईनच्या पद्धतीत बाळाला किरण लागत नाहीत, आणि आपल्या जिल्हा पातळीवर ती जास्त सोयीची आहे. बहुतेक मुलांचं ऑपरेशन टळतं. साधारण दहातल्या एकाला पुन्हा त्रास होतो, त्यातही पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त. तेव्हा घरी गेल्यावर तसंच कळवळणं सुरू झालं तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न: जुलाब झालेल्या मुलाच्या उभ्या एक्स-रेत पाण्याच्या चार-पाच पातळ्या दिसल्या. अडथळा समजून पाठवलं, तर ‘काही नाही’ म्हणून परत आलं. फरक कसा ओळखावा?
— खासगी डॉक्टर, परभणी जिल्हा

पातळी म्हणजे फक्त हवा आणि पाणी एकाच वेटोळ्यात असणं. जुलाबात आतडं पाण्यानं भरलेलं असतं, मूल रडून हवा गिळतं, त्यामुळे पातळ्या दिसणारच. अडथळ्याच्या बाजूनं बोलणाऱ्या गोष्टी वेगळ्या: वरची वेटोळी रुंद आणि खालची रिकामी असा ठळक फरक, एकाच वेटोळ्याच्या दोन टोकांना वेगवेगळ्या उंचीवर पातळ्या, गुदाशयात हवा नसणं, आणि हिरव्या उलट्या. जुलाबात लहान-मोठं सगळं आतडं सारखंच फुगतं आणि हवा शेवटपर्यंत जाते.

जुलाबात आतडं लुळं पडण्याचं कारण पुष्कळदा रक्तात असतं. पोटॅशियम उतरतं आणि आतड्याची हालचाल थांबते. एक्स-रे दुसऱ्यांदा काढण्याआधी पोटॅशियम तपासा. त्याच वेळी घरी कोणी लोपेरामाइडची गोळी दिली का हेही विचारा. ती मुलांना देऊ नये, तिनं आतडं थांबतं आणि पोट फुगतं. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर मात्र हिशेब बदलतो. अपेंडिक्सचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वीचं असलं तरी चिकटलेल्या आतड्यानं अडथळा येऊ शकतो, आणि अशा मुलाला पाठवलेलंच बरं.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीला बद्धकोष्ठ आहे. दर वेळी एक्स-रे काढून ‘शी भरली आहे’ असं सांगतात. किरणांचा त्रास होईल का?
— एक आई, पुणे

साध्या बद्धकोष्ठासाठी एक्स-रे लागत नाही. ब्रिटनमधली आणि युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. शी दिसणं म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे, निरोगी मुलाच्या मोठ्या आतड्यातही ती दिसते. पोटाच्या एका एक्स-रेचा डोस निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या किरणांच्या, जगाची सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, तुलनेत थोडाच असतो. एखाद्या गरजेच्या एक्स-रेला घाबरू नका, पण दर भेटीला तो नको. जन्मल्यावर पहिली शी ४८ तासांनंतर झाली होती, त्रास पहिल्या महिन्यापासून आहे, पोट फुगतं किंवा वजन वाढत नाही, यांतलं काही असेल तर हर्शस्प्रुंगसाठी बालशल्यचिकित्सकांना दाखवा.

प्रश्न: जंतांमुळे आतडं बंद होतं हे खरं का? ते एक्स-रेत दिसतात का?
— शिक्षिका, सिंधुदुर्ग

खरं आहे. मोठे गोल जंत शेकडोंनी असले तर इलियममध्ये त्यांचा गुंता अडकतो. हवेच्या पार्श्वभूमीवर समांतर, वेटोळ्या सावल्या दिसतात. सोनोग्राफीत ते अधिक स्पष्ट दिसतात आणि हलतानाही दिसतात. अडथळा असताना जंताची गोळी देऊ नये, गुंता आणखी घट्ट होऊ शकतो. आधी उपाशी ठेवून नळी, सलाईन आणि एनिमा. गोळी अडथळा सुटल्यावर. शाळेत १० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, मिळणारी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी निरोगी मुलांसाठी आहे. पोट फुगून उलट्या होणाऱ्या मुलाला त्या दिवशी ती देऊ नका.

प्रश्न: मुलानं खेळण्यातले छोटे लोहचुंबक गिळले. एक्स-रेत ‘एकच दिसतोय, शीतून जाईल’ असं सांगितलं. थांबावं का?
— एक पालक, ठाणे

पत्र वाचून आमच्यापैकी एकानं फोन करून सांगितलं आहे, पण इतरांसाठी इथेही लिहितो. पत्रात ‘छोटे लोहचुंबक गिळले’ असं अनेकवचन आहे. चिकटलेले दोन चुंबक समोरून एकच दिसतात, म्हणून बाजूनंही फिल्म हवी. दोन चुंबक आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाऊन भोक पडतं किंवा आतड्याला पीळ पडतो. दोन किंवा जास्त चुंबक गिळल्याची शक्यता असेल तर शीची वाट न पाहता रुग्णालय. पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र एक्स-रेत मुळीच दिसत नाहीत. आतड्यात जाऊन ते कित्येक पट फुगतात आणि अडथळा करतात. मूल मण्यांशी खेळत होतं आणि आता उलट्या होताहेत, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न: अडथळ्याच्या बाळाला दोन-तीन तासांच्या प्रवासावर पाठवताना काय काय करावं?
— अधिपरिचारिका, गडचिरोली जिल्हा

तोंडानं काहीही नको, साखरपाणीही नको. रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घाला, नवजात बाळाला ८ नंबरची, मोठ्या तान्ह्याला १०. ट्यूबला बूच लावू नका, टोक पिशवीत उघडं ठेवा आणि तासातासाला सिरिंजनं ओढून किती आणि कोणत्या रंगाचं आलं ते लिहा. बूच लावलेल्या ट्यूबमुळे वाटेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाते, रेफर केलेली बाळं बिघडण्याचं हे टाळता येण्यासारखं कारण आहे. शिरेतून सलाईन सुरू करूनच गाडीत बसवा. बाळ थंडगार, सुस्त असेल तर किलोमागे १० मिलिलिटर नॉर्मल सलाईन, गरज पडल्यास पुन्हा. नवजात बाळाची साखर तपासा, व्हिटॅमिन के दिलं नसेल तर १ मिलिग्रॅम द्या, टोपी-मोजे घाला.

१०८ला फोन करतानाच पुढच्या रुग्णालयालाही फोन करा. एक्स-रेची मूळ फिल्म सोबत द्या. मोबाईलवर पाठवायची असेल तर प्रकाशपेटीवर लावून, फ्लॅश बंद करून, पूर्ण फिल्म कडांसकट येईल असा एकच फोटो घ्या. फक्त बाणानं दाखवलेला भाग पाठवला तर जांघ आणि डायाफ्राम दिसत नाहीत. चिठ्ठीत शेवटचं दूध कधी, उलटीचा रंग, शी झाली का, ट्यूबमधून किती आलं आणि फिल्म किती वाजता घेतली एवढं हवंच. आणि आईची प्रकृती प्रवास सोसेल अशी असेल तर तिला त्याच गाडीतून पाठवा. ऑपरेशनची संमती लागते, पुढे दूधही लागणार असतं, आणि नवजात बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर जुळणीसाठी आईच्या रक्ताचा नमुना मागतात.